पर्नेलची साक्ष

आमच्या सासूबाईंना कुठलीही गोष्ट घडली तशी सांगता यायची नाही. सकाळी कोल्ह्यानं कोंबडी नेली, तर दुपारपर्यंत त्या कोल्ह्याच्या कपाळावर पांढरा ठिपका यायचा, आणि रविवारी चर्चच्या अंगणात सांगताना तो कोंबडीपुढं आधी मान लववून मगच तिला तोंडात धरायचा. मी शेजारी उभी असायचे. कोल्हा मीही पाहिलेला असायचा. साधा, ओला, खरूज झालेला कोल्हा. पण ऐकणाऱ्या बायकांच्या तोंडाकडं पाहिलं की माझा कोल्हा मी गिळून टाकायचे.

त्यांचं नाव पर्नेल. विदरबी गावात लहानथोर सगळे त्यांना पर्नेलमावशी म्हणत. मी इडोनी, त्यांच्या गिबची बायको. मोठ्या मरीनंतर तीन वर्षांनी मी या घरात आले. त्या मरीत घरातली चार माणसं गेली होती, सासरे आणि तीन नणंदा. नणंदांची नावं सासूबाई कधी घेत नसत. सासऱ्यांचं घेत, पण अंगणात शिरलेल्या डुकराचं घ्यावं तसं.

नवरा गेल्यावर अठरा एकर जमीन त्यांच्याकडं राहिली होती. आमच्याकडं रिवाजच तसा आहे. विधवा एकटी राहील तोवर जमीन तिची. तिनं दुसरं लग्न केलं, किंवा कुणा पुरुषाबरोबर दिसली, की जमीन जहागीरदाराकडं परत. परत गेलेली जमीन मग कुणाच्या मुलाला मिळणार हेही गावाला ठाऊक असायचं. त्यामुळं गावचा कारभारी थर्स्टन दर वर्षी सुगी झाली की आमच्या दारात यायचा आणि मोठ्या मायेनं म्हणायचा, "पर्नेल, बाईच्या हातात नांगर शोभत नाही गं. कुणीतरी बघ आता."

"कारभारीबुवा," सासूबाई म्हणायच्या, "पंचवीस वर्षं एकाच बैलाबरोबर जुंपलेली होते. आता जरा मोकळी चरू द्या की."

थर्स्टन हसायचा. पण जाताना आमच्या बांधावरून सावकाश, पावलं मोजत जायचा.

त्यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. नवरा चाळिशीचा बिजवर. बापानं चर्चच्या दारात उभं केलं, पाद्रीनं विचारलं, पोरी, तुझ्या खुशीनं का? "बापाचं कोपर बरगडीत रुतलं," सासूबाई सांगायच्या. "मी हो म्हटलं. पण तो हो कोपराचा होता गं. माझा नव्हता." हीच एक गोष्ट त्या दर वेळी सारखी सांगत. तिला कधी ठिपका आला नाही, फूल आलं नाही. त्यांचं उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं, म्हणून त्या डाव्या हातानं सूत कातत. मनगट कशानं मोडलं ते विचारायची गरज नव्हती. गावात तशी मनगटं आणखीही होती.

हिवाळ्यात शेतात काम नसलं की दुपार कलल्यावर बायका आपापली टकळी आणि लोकर घेऊन आमच्याकडं येत. आमच्या खोलीला लागूनच गोठा, मध्ये नुसता कुडाचा आडोसा. जनावरांची ऊब यायची. सासूबाई चुलीशेजारी बसायच्या आणि सुरू करायच्या. दलदलीपलीकडं एक राज्य होतं. तिथल्या राणीच्या महालाला तीन पायऱ्या होत्या. लग्न करायला आलेल्या पुरुषानं खालच्या पायरीवर उभं राहायचं, राणीनं वरच्या. विचारायचं राणीनं. पुरुषानं नुसतं उत्तर द्यायचं.

"आमच्या ह्यांना तीन पायऱ्या चढायला लावलं," दूधदुभत्याचं बघणारी जुएट म्हणायची, "तर दुसरीवरच बसकण मारतील. वर विचारतील, जेवायला काय आहे?"

"मग राणीनं म्हणावं, वर या, सांगते!"

"वर आल्यावर वाटाण्याचं कढण. तेही कालचं!"

हसून हसून सूत तुटायचं. हसत नसे फक्त एमोट. ती गुराख्याची मुलगी. आईबाप मरीत गेलेले, चुलत्याच्या घरी पडेल ते काम करून राहायची. एकोणीस वर्षांची असेल. गोष्टीत राणी वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली की एमोटची टकळी थांबायची.

एकदा तिनं विचारलं, "मावशी, तो नाही म्हणाला तर?"

"तर गेला आल्या वाटेनं. राणीला काय तोटा?"

"पण राणीला तोच हवा असला तर?"

सासूबाईंनी लोकर उगाच पुन्हा पिंजली. एमोटच्या मनात कोण आहे ते त्यांना कळलं होतं, मलाही. कारभारी थर्स्टनचा ऑस्बर्ट. उंच, देखणा, आणि बापासमोर आवाज न फुटणारा.

मरीला नऊ वर्षं झाली त्या साली ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांतला दुसरा आठवडा लागला होता. मंगळवार होता. वार पक्का आठवतो, कारण त्याच पहाटेपासून आमची तांबडी गाय अडली होती आणि गिब नेमका जहागीरदाराच्या कुंपणाच्या कामावर गेला होता. बाहेर पाऊस, मध्येच गारांचा सडा. एमोट मदतीला आली. दुपारी ऑस्बर्ट रस्त्यानं चालला होता, त्याला सासूबाईंनी हाक मारली. त्यानं हातातले चामड्याचे मोजे काढून खुंटीला अडकवले, बाह्या सारल्या आणि वासराच्या पायांना दोर बांधून ओढलं. वासरू आलं, जिवंत आलं. चौघंही शेणानं आणि रक्तानं माखलो होतो आणि वेड्यासारखे हसत होतो.

मग ऑस्बर्ट हसायचा थांबला. बादलीत हात धुता धुता म्हणाला, "बा नदीपलीकडं गेलेत. माझ्यासाठी बघायला."

एमोटच्या अंगावर चुलतीचा जुना तपकिरी झगा होता, त्याच्या काठाला शेण लागलं होतं, ती ते नखानं काढत राहिली.

सासूबाई म्हणाल्या, "काय बोलायचं असेल ते आत्ता बोला. इथंच. आम्ही दोघी ऐकायला आहोत, बास झालं. देवाचे कान काही फक्त चर्चच्या दारातच नसतात."

"इथं? गोठ्यात?" ऑस्बर्ट म्हणाला.

"येशूबाळ कुठं जन्मला होता रे?"

मी गवताच्या बोळ्यानं वासराचं अंग पुसत होते. ऑस्बर्टनं एमोटचा हात धरला. म्हणाला, "एमोट, मी तुला माझी बायको केली. मरेपर्यंत." तिनंही तसंच म्हटलं, त्याच्या नावानं. अंगठी नव्हती. त्यानं खुंटीवरचे हातमोजे काढून तिला दिले. ते तिला इतके मोठे होते की बोटांची टोकं मोकळीच लोंबत राहिली. सासूबाई रडत होत्या. गाय वासराला चाटू लागली तशी मी बाजूला झाले.

तेवढं बोलणं पुरतं. चर्चच्या दारात झालेलं लग्न आणि दोन साक्षीदारांसमोर एकमेकांना दिलेला शब्द, दोन्ही देवापुढं सारखीच, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. ऑस्बर्टनं एवढंच म्हटलं की सुगी होईपर्यंत कुणाला सांगू नका. तोवर मी बापाला वळवतो.

मी सांगितलं नाही. सासूबाईंनीही सांगितलं नाही, म्हणजे नावं घेऊन नाही. पण इतकी सुंदर गोष्ट पोटात ठेवणं त्यांना झेपणारं नव्हतं. ईस्टर उलटला आणि त्यांच्या गोष्टींत एक गुराख्याची मुलगी आली, तिच्यावर जीव जडलेला एक राजपुत्र आला. राजपुत्राला शेणात कोण उभं करील? गोठ्याची बाग झाली. बागेत गारा नकोत, म्हणून नासपतीला बहर आला. झगा निळा झाला. हातमोजे तेवढे राहिले, पण त्यातल्या एकात पुढं पुढं अंगठी निघायला लागली. सासूबाई सांगायच्या, फुलांच्या पाकळ्या दोघांच्या केसांवर पडत होत्या, आणि एमोट खाली मान घालून लाल व्हायची. जुएट डोळे पुसायची. निंदणीला, कापणीला, मेंढ्यांची लोकर कातरताना, बायका म्हणायच्या, मावशी, ती नासपतीची सांग. दर वेळी झाड थोडं आणखी फुलायचं.

खरं सांगायचं तर मलाही बागच आवडायला लागली होती.

सुगी झाली. कुणी काही बोललं नाही. मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी पाद्रीनं लग्नाची नावं पुकारली. ऑस्बर्ट, थर्स्टनचा मुलगा. आणि नदीपलीकडच्या गावची डायोनिस, जिला भाऊ नव्हता आणि बापाची तीस एकर होती. असं तीन रविवार पुकारतात. कुणाची हरकत असेल तर तेव्हाच उठायचं.

एमोट उठली. तिचा आवाज बारीक होता, पण चर्च दगडी आहे, तिथं बारीक आवाजही जातो.

"हे लग्न होऊ शकत नाही. तो माझा नवरा आहे."

मग थर्स्टन मागं न वळताच म्हणाला, "कुणाची गाय हंबरली रे? गोठ्यात नेऊन बांधा तिला."

लोक हसले. ऑस्बर्ट आपल्या बुटांकडं पाहत राहिला. तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठल्या, आणि त्यांचं बघून मीही उठले.

प्रकरण बिशपच्या न्यायालयात गेलं. शहर दोन दिवसांच्या वाटेवर. गिब, सासूबाई, एमोट आणि मी पायी निघालो. तिथल्या वकिलानं आम्हाला पाहून मान डोलावली. म्हणाला, दोन साक्षीदार आहेत, दोघी इमानी बायका आहेत, दोघींचं म्हणणं जुळलं की झालं. एमोट पहिल्यांदाच हसली. त्या वाटेवर तिनं ते मोजे घातले होते, आणि सासूबाई तिला म्हणत होत्या, "पुढल्या वर्षी कारभाऱ्याची सून झालीस तरी मला हाक मारशील ना गं? की दारातून हाकलशील?"

"तुला उंबऱ्यात बसवीन मावशी, आणि रोज गोष्ट सांगायला लावीन."

शहराच्या वेशीपाशी मी सासूबाईंना बाजूला घेतलं. "आई, आत जायच्या आधी एकदा दोघी मिळून आठवू या का? कसं कसं झालं ते."

त्या दुखावल्या. "शपथेची साक्ष घोकायची नसते, पोरी. पाप लागतं. आणि मला काय आठवायचंय? माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं."

मी गप्प बसले. पुढं किती वर्षं मी तो वेशीचा दगड आठवत राहिले, आणि माझं ते गप्प बसणं.

साक्षीदारांना एकेकटं आत घेतात. मी आधी गेले. शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवून शपथ घेतली. एक अधिकारी आणि एक लेखनिक. प्रश्न बारीक बारीक. कुठं झालं? गोठ्यात. पाऊस की ऊन? पाऊस आणि गारा. उभे होते की बसले होते? उभे. तिच्या अंगावर काय होतं? तपकिरी झगा. आधी कोण बोललं? ऑस्बर्ट, त्यानं तिचा हात धरला. काय दिलं? हातमोजे. मी जेवढं होतं तेवढंच सांगितलं. भाजी निवडावी तसं झालं आणि मी बाहेर आले.

सासूबाई आत गेल्या आणि कितीतरी वेळ बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "इडोनी, जन्मात पहिल्यांदा गं. एक पुरुष माझं बोलणं न तोडता शेवटपर्यंत ऐकत होता. आणि दुसरा लिहून घेत होता!"

काय काय सांगितलंत, ते मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी साक्षी वाचून दाखवणार म्हणून बोलावलं. पुन्हा तीच वाट, आता चिखलाची. आधी लॅटिनमधून वाचलं, मग वकील आमच्या भाषेत सांगत गेला. माझी साक्ष पटकन संपली. सासूबाईंची सुरू झाली आणि वकिलाचा आवाज हळूहळू खाली गेला. बागेत. नासपतीच्या झाडाखाली. झाड फुलांनी डवरलेलं. मुलीच्या अंगावर निळा झगा. मोज्यात अंगठी. पाकळ्या दोघांच्या केसांवर.

पलीकडं थर्स्टननं हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. ऑस्बर्टनं मान वर केली, पहिल्यांदाच. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. सुटलेल्या माणसाची लाज होती.

न्यायाधीश म्हातारा होता, कठोर नव्हता. त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही दोघीही उपवासाचा दुसरा आठवडा म्हणता. तुमच्या गावात नासपती तेव्हा फुलते का?"

सासूबाईंचे ओठ हलले. त्या त्याच्याकडं पाहत राहिल्या, मग छताकडं, मग माझ्याकडं वळल्या. हरवलेल्या मुलीसारख्या.

"इडोनी, फुलं होती ना गं?"

सगळं न्यायालय माझ्याकडं पाहत होतं. एमोटही. एक शब्द बोलले असते तरी आता उपयोग नव्हता, माझी साक्ष कागदावर वाळली होती. तरी मला वाटतं, मी दुसरं काही म्हणायला हवं होतं.

"गोठा होता, आई," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. उभ्या होत्या तिथंच, फरशीवर.

ऑस्बर्टला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मोजे मी दिले होते. थंडीनं तिचे हात फुटले होते, दया आली. बाकी काही नाही. निकाल झाला. शब्द दिल्याचं सिद्ध होत नाही, मुलगा मोकळा आहे. आम्ही खोटं बोललो असं कुणी म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

परतीच्या वाटेवर एमोट पुढं चालत होती. ओढा आला तिथं दगड निसरडे होते. ती थांबली, मागं वळली, सासूबाईंचा हात धरून त्यांना पलीकडं नेलं आणि हात सोडून पुन्हा पुढं चालू लागली. ती त्यांना कधी एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर सासूबाईंना बरं वाटलं असतं.

नाताळानंतर ऑस्बर्टचं लग्न चर्चच्या दारात झालं. एमोट त्या दिवशी आमच्या विहिरीवर कपडे धूत होती. पुढं तिला दोन स्थळं आली, त्यातलं एक तर बऱ्यापैकी होतं, चाकं बनवणारा विधुर. तिनं दोघांनाही एकच सांगितलं, "माझं लग्न झालंय." लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, मग विसरले. ती चुलत्याच्याच घरी राहिली. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात लोकर. ना कुणाची बायको, ना कुणाची विधवा. विधवेला निदान जमीन मिळते.

आणि सासूबाई गप्प झाल्या. बायका सवयीनं महिनाभर टकळ्या घेऊन आल्या, बसल्या, कुडापलीकडं गाय रवंथ करायची तो आवाज ऐकत कातत राहिल्या. कुणी म्हणालं, मावशी, राणीची तरी सांग. त्या म्हणाल्या, "विसरले." मग बायका जुएटकडं जमायला लागल्या. आमच्याकडं कोल्ह्यानं कोंबडी नेली तर त्या म्हणायच्या, "कोल्ह्यानं कोंबडी नेली." बस्स. मला ते ऐकून भरून यायला हवं होतं. पण मी त्यांना माफ केलं नव्हतं. मी त्यांना वाढत होते, त्यांचे पाय चेपत होते, आणि मनात म्हणत होते, माझी साक्ष खरी होती. असं मी अकरा वर्षं म्हटलं.

अकराव्या वर्षी शरदात त्यांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं, उशाला पेंढ्या लावून बसवावं लागायचं. एक दिवस मी कढण भरवत होते, तर त्या म्हणाल्या, "इडोनी, गोठ्याचं सांग."

"काय सांगू?"

"जसं झालं तसं. तू जसं सांगितलंस तसं."

मी सांगितलं. मला गोष्ट सांगता येत नाही. गाय अडली होती. पाऊस होता, गारा होत्या. झगा तपकिरी. मोजे मोठे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्या स्वतः म्हणून पाहू लागल्या, पोरं प्रार्थना पाठ करतात तशा.

"बागेत..."

"गोठ्यात, आई."

"गोठ्यात. मंगळवार. नासपती..."

"नव्हती."

"नव्हती." त्या थांबायच्या. "झगा?"

"तपकिरी. काठाला शेण."

"शेण," त्या म्हणायच्या, आणि ते शेण जपून कुठंतरी ठेवल्यासारख्या गप्प व्हायच्या.

तीन आठवड्यांनी सगळं न चुकता यायला लागलं. तेव्हा म्हणाल्या, "आता एमोटला बोलाव."

ती दुपारी आली. भांडंभर ताक घेऊन आली होती, ते तिनं चुलीशेजारी ठेवलं आणि सासूबाईंच्या पायाशी बसली. तीस वर्षांची झाली होती. हात चाळिशीचे दिसत होते.

"एमोट, मी एक सांगते. ऐकशील?"

"सांग मावशी."

त्यांनी सांगितलं. थांबत, धापा टाकत, पण सगळं. एकही फूल नाही. ऑस्बर्टनं दोर ओढला, वासरू आलं, त्यानं हात धुतले, तुझा हात धरला, म्हणाला, मी तुला माझी बायको केली. मोजे दिले. संपल्यावर त्या एमोटच्या तोंडाकडं पाहत राहिल्या, न्यायाधीशाकडं पाहावं तशा.

एमोटनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "एक राहिलं."

"काय?"

"हात मी धरला होता."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "त्यानं धरला. मी शपथेवर सांगितलंय."

"तू वासराचं अंग पुसत होतीस, इडोनी," ती शांतपणे म्हणाली. "तो दाराकडं बघत होता. जातोय की काय असं मला वाटलं. म्हणून मीच हात धरला, मीच आधी बोलले. म्हटलं, ऑस्बर्ट, मी तुला माझा नवरा केला, मरेपर्यंत. तू मला बायको करतोस का? मग तो बोलला."

मी आठवायचा प्रयत्न केला. वासराचे ओले कान आठवले. गवताचा वास आठवला. मग वर पाहिलं तेव्हा त्यांचे हात एकमेकांत होते. कुणाचा हात कुणाच्या हातात होता हे मी पाहिलंच नव्हतं. नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा असतो, म्हणून तो ऑस्बर्टनं धरला होता. अकरा वर्षं माझ्या खऱ्या साक्षीत ते एक फूल होतं, आणि मला दिसलं नव्हतं.

"मग तू का नाही सांगितलंस? तिथं, न्यायालयात?"

"लेखनिकानं विचारलं, त्यानं काय केलं? मी सांगितलं. मग विचारलं, त्यानंतर त्यानं काय केलं? तेही सांगितलं." तिनं खांदे उडवले. "माझं कुणी विचारलंच नाही गं."

सासूबाईंचा श्वास घरघरत होता. त्यांनी डावा हात पुढं केला, एमोटनं तो धरला.

"माझ्या गोष्टीत," त्या म्हणाल्या, "राजपुत्रच हात धरायचा ना?"

"हो, मावशी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्या कुडाकडं पाहत राहिल्या. पलीकडं त्या तांबडीच्या वासराची वासरं होती आता. मग म्हणाल्या, "एवढी फुलं घातली गं मी. आणि हे नाही घातलं."

तीन पायऱ्यांची राणी त्यांच्यासमोर गोठ्यात शेणात उभी राहून विचारून गेली होती, आणि त्यांना ती दिसली नव्हती. हे त्या बोलल्या नाहीत, मी बोलते आहे. त्या फक्त रडल्या. एमोट त्यांच्या वाकड्या मनगटावरून अंगठा फिरवत बसली. निघताना तिनं ताकाचं झाकण नीट लावलं, आणि मला म्हणाली, "रात्री दूध देऊ नकोस. कफ होतो."

चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. त्यांना आंघोळ घालायला एमोटच आली. अठरा एकर गिबच्या नावे लागली. ती लावायला कारभारी आला. आता कारभारी ऑस्बर्ट आहे. त्याचे केस पुढून गेलेत आणि बोलताना तो बापासारखा खाकरतो.

पुरलं त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, जमीन फोडायला पहार लागली. खड्ड्याच्या अलीकडं आम्ही बायका, पलीकडं पुरुष. माती टाकायची वेळ आली तेव्हा एमोट पुढं झाली. तिनं हातांत तेच मोजे घातले होते. अंगठ्याजवळ फाटून दोनदा शिवलेले, आणि अजूनही मोठेच होणारे. तिनं ओंजळभर गोठलेली माती उचलली आणि सावकाश सोडली.

या वेळी मी मान खाली घातली नव्हती. ऑस्बर्टनं तिच्या हातांकडं पाहिलं ते मी पाहिलं. त्याचा उजवा हात स्वतःच्या नकळत थोडा पुढं आला, तेही पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या डायोनिसनं त्याची बाही ओढली, आणि तो बुटांकडं पाहू लागला.